लिहिणारे मूल, पाहणारे मूल

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर, जिथून शनिशिंगणापूरची वाट फुटते, तिथे नेवासा तालुक्यातले घोडेगाव आहे. जनावरांचा बाजार आणि कांद्याचे लिलाव यांमुळे हे नाव पंचक्रोशीच्या बाहेर पोचले. इथल्या उपबाजारात कांदा आणणारा शेतकरी आज गाडी भरण्याआधी लासलगाव, सोलापूर आणि नगरचा भाव मोबाईलवर पाहतो. त्यासाठी त्याला कोणी प्रशिक्षण दिले नाही की कोणती योजना राबवावी लागली नाही. बाजारात मोबाईल आला आणि थोड्याच वर्षांत तराजूइतका रुळून गेला. महाराष्ट्रातल्या खेड्यांच्या शाळांत मात्र गेल्या पन्नास वर्षांत रेडिओ आला, दूरचित्रवाणी संच आला, संगणक आला, प्रोजेक्टर आला, टॅब आला. प्रत्येकाच्या वेळी नारळ फुटले, आता शिक्षणाचा चेहरामोहरा बदलणार असे सांगितले गेले, आणि बहुतेक साधने काही वर्षांत कपाटात जाऊन बसली. आता पाळी मोबाईलची आहे. तो वर्गात हवा की नको यावर हिरिरीने बोलले जाते, पण आधीची साधने का टिकली नाहीत आणि जी टिकली ती कशामुळे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. तो इतिहासाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आजच्या निर्णयांना उपयोगी पडणारे आहे.

बाजारात भाव ज्याला हवा असतो तोच मोबाईल विकत घेतो, तोच वापरतो आणि माहिती चुकली तर तोटाही त्याचाच होतो. शाळेत साधन खरेदी करणारा मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत बसलेला असतो, ते चालवायचे असते शिक्षकाने आणि त्यातून शिकायचे असते पहिली-दुसरीतल्या मुलाने. हे तिघे एकमेकांपासून जितके दूर, तितके साधन लवकर निकामी होते. महाराष्ट्रातल्या शाळांचा दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर टिकलेल्या साधनांत तीन गुण सापडतात. ती मुलाच्या स्वतःच्या हातात होती, त्यांच्यावर मुलाला लिहिता, चुकता आणि पुसता येत होते, आणि ती बिघडली तर गावातच नीट करता येत होती. या तिन्हींत मधला गुण सर्वांत मोलाचा आहे. ज्या साधनाने मुलाला लिहिते केले ते राहिले. ज्याने त्याला नुसते पाहते केले ते गेले. मोबाईललाही हीच कसोटी लावली पाहिजे.

या साधनांतले सर्वांत जुने म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेचा भुगा पसरायचा, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे, पंतोजींनी पाहिले की हात फिरवून पुसायचे आणि पुन्हा काढायचे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यातल्या देशी शाळांची माहिती गोळा केली. १८२९च्या आकड्यांनुसार इलाख्यात १,७०५ शाळा आणि ३५,१४३ विद्यार्थी होते. त्या काळची कागदपत्रे पुढे रा. वि. परुळेकरांनी संपादित केली. बहुतेक शाळांना स्वतःची इमारत नव्हती. कुणाची ओसरी, एखादे देऊळ, नाहीतर पंतोजींचे घर हीच शाळा. वर्ग असे वेगळे नव्हतेच. पुढे गेलेला मुलगा मागच्याला गिरवायला शिकवी आणि पंतोजी सगळ्यांच्या पाट्यांवरून नजर फिरवत. मोडी अक्षर, अंक, आणि पाढे: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. बाजारात बसणाऱ्याला जे गणित लागते नेमके तेच. साधनाला खर्च नाही, लिहिण्याला मर्यादा नाही, आणि चुकीची खूण मागे उरत नाही.

या पद्धतीची दखल दूरवर घेतली गेली. मद्रासजवळच्या एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाच्या शाळेचा प्रमुख अँड्र्यू बेल याने देशी शाळेतली मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली, आपल्या शाळेत तीच रीत सुरू केली, मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतले, आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे इंग्लंडमध्ये गरिबांच्या शाळांत ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. शिक्षणातले तंत्र नेहमी पश्चिमेकडून इकडे येते ही समजूत त्यामुळे थोडी सैल व्हायला हरकत नाही. पण बेलच्या अनुभवाचा खरा धडा निराळा आहे. त्याने इथून वाळू उचलून नेली नाही. प्रत्येक मूल सतत लिहीत राहील आणि त्याचे लिहिलेले कुणीतरी लगेच पाहील, ही रचना त्याने नेली.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. धूळपाटीचे असे कौतुक म्हणजे जुन्या काळाचे गोडवे गाणे नव्हे काय? त्या शाळांत मुली नव्हत्या. दलितांच्या मुलांना ओसरीवर पाऊल ठेवता येत नव्हते. घोकंपट्टी आणि छडी यांवाचून दिवस जात नसे. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच नगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, इतिहास इथे महत्त्वाचा ठरतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला आपले ठाणे केले. सिंथिया फरार १८३९ मध्ये मुंबईहून नगरला आल्या आणि १८६२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी तिथे मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या तयारीतही नगरच्या फरारबाईंचा वाटा होता. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात फुल्यांची मुलींची शाळा सुरू झाली ती या तयारीच्या बळावर. फुले दांपत्याने नगरहून कुठलेही नवे साधन नेले नाही. शाळेच्या दारात कोणाला येऊ द्यायचे आणि शिकवायला कोण उभे राहणार, हे त्यांनी बदलले. साधन चांगले असले म्हणून दार उघडत नाही. ते माणसांनाच उघडावे लागते. धूळपाटी निर्दोष शाळेचे साधन होती असे माझे म्हणणे नाही. सदोष शाळेतही तिने आपले काम चोख केले, आणि शाळा सर्वांसाठी उघडली तेव्हा तीच पाटी, दगडी होऊन, सावित्रीबाईंच्या विद्यार्थिनींच्या पिढीपासून थेट विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालली.

छापील पुस्तक हे दुसरे टिकलेले साधन. मुंबईत १८२०च्या दशकात शिळाप्रेसवर मराठी शालेय पुस्तके निघू लागली. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षण खाते उभे राहिले आणि मेजर कँडीसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके ठरली. २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यातल्या कोणत्याही खेड्यातल्या मुलाच्या हातात परवडेल असे एकसारखे पुस्तक पडू लागले. पुस्तक हे पाहण्याचे साधन आहे, मग ते कसे टिकले, असे विचारता येईल. ते टिकले कारण ते एकटे कधीच नव्हते. पुस्तकाच्या शेजारी पाटी आणि नंतर वही होती. स्वाध्याय पुस्तकात, उत्तर वहीत, आणि शिक्षकाची लाल शाई त्या वहीवर. अलीकडे, २०२३ मध्ये, बालभारतीच्या पुस्तकांतच लिहिण्यासाठी कोरी पाने घालण्याचा प्रयोग झाला. मुले तरीही वेगळ्या वह्या आणत राहिली, दप्तराचे ओझे घटले नाही आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. प्रयोग फसला, पण वाचण्याच्या जागेजवळच लिहिण्याची जागा हवी, ही त्यामागची जाण बरोबर होती.

यानंतरची साधने वेगळ्या जातीची आहेत. रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांनी प्रथमच असे केले की शिकवणारा आवाज दुसऱ्या शहरात आणि ऐकणारे मूल खेड्यात. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण त्यातून जी धोरणे निघाली त्यांच्या ओघात १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही राज्याची शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्या कार्यक्रमांत कसब होते, मराठी होती, प्रयोग करून दाखवण्याची हौस होती. अडचण पलीकडच्या टोकाला होती. कार्यक्रमाची वेळ ठरलेली आणि शाळेचे वेळापत्रक वेगळे. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र. कार्यक्रम चौथीचा असेल तर पहिलीने काय करायचे? वीज कधी आहे, कधी नाही. आणि पडद्यावरच्या माणसाला मुलाने हात वर केलेला दिसत नाही. शिक्षकाला तो मध्येच थांबवून ‘समजलं का?’ असे विचारता येत नाही.

बालचित्रवाणी २०१७ साली बंद करण्यात आली. हा निर्णय चुकीचा होता असे मी स्पष्टपणे म्हणतो. तीन दशकांत साठलेले मराठी शैक्षणिक चित्रीकरणाचे कसब आणि माणसे त्याबरोबर पांगली. तीनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि राज्याला नेमक्या याच गोष्टीची गरज पडली. तेव्हा दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकांवर आधारलेली ही मालिका एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने तयार केली होती. मुलांनी घरच्या माणसांबरोबर काहीतरी करून पाहावे असा तिचा प्रयत्न होता, आणि म्हणून ती नुसत्या पाठांच्या चित्रफितींपेक्षा सरस होती. पाहण्याचे साधन टिकत नाही असे म्हणताना मी ते निरुपयोगी ठरवत नाही. त्याच्यामागे संस्था, माणसे आणि सातत्य लागते, आणि सरकार हे तिन्ही फार लवकर मोडते, एवढेच म्हणतो.

संगणकाची कथा आणखी बोलकी आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या योजनेखाली निवडक माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो हे इंग्लंडचे संगणक बसवायला सुरुवात केली. त्यानंतर, १९८७ मध्ये, ‘खडू-फळा’ योजना आली. तिचा उद्देश प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक, फळा आणि किमान साहित्य देण्याचा होता. म्हणजे देशाच्या काही शाळांत संगणक पोचला तेव्हा असंख्य प्राथमिक शाळांत धड फळाही नव्हता. पुढे २००४ नंतर शाळांत संगणक प्रयोगशाळा उभारण्याची केंद्रीय योजना आली. महाराष्ट्रात हे काम खाजगी कंपन्यांशी ठरावीक मुदतीचे करार करून, कंत्राटी संगणक निदेशक नेमून झाले. करार संपले, निदेशक गेले आणि कितीतरी खोल्यांना कुलूप लागले. मुलाला आठवड्यातून एक तास, तोही तिघांत एक यंत्र, त्यात स्वतः काही तयार करायला वेळ कुठून मिळणार? बहुतेकांच्या वाट्याला समोरच्याचा हात माउसवर फिरताना पाहणे आले.

प्रत्येक मुलाच्या हातात यंत्र दिले तर? हाही प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे. ‘एका मुलाला एक लॅपटॉप’ या अमेरिकेतून निघालेल्या चळवळीचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या छोट्या वस्तीच्या शाळेत झाला. त्याआधीच्या वर्षी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ती कल्पना देशभर राबवायला नकार दिला होता. खैरातच्या मुलांनी ती हिरवी-पांढरी यंत्रे आनंदाने आणि हुशारीने हाताळली, यात शंका नाही. पण मोठ्या प्रमाणावर काय होते हे पेरूमध्ये दिसले. तिथे सरकारने लाखो यंत्रे वाटली. ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गणित आणि भाषा यांच्या गुणांत फरक आढळला नाही. यंत्र हातात होते, दुरुस्तीही काही प्रमाणात होती, पण त्यावर मुलाने केलेले काम पाहणारा, त्याला वळण देणारा शिक्षक तयार केलेला नव्हता. म्हणजे पहिला गुण होता आणि दुसरा अर्धाच होता.

२२ जून २०१५च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत जिल्हा परिषदेच्या शाळा ‘डिजिटल’ होण्याची लाटच आली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याच्या शाळेने याआधीच वाट दाखवली होती. गावोगाव लोकवर्गणी जमली, शिक्षकांनी पदरचे पैसे घातले. यामागे पट टिकवण्याची धडपडही होती, कारण इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बस गावात येऊन मुले उचलून नेत होत्या. गावाने शाळेसाठी वर्गणी काढणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिला कमी लेखणे हा गावांवर अन्याय होईल. पण वर्गणीतून प्रोजेक्टर येतो, विजेचे बिल दरमहा येते. बिल थकल्यामुळे शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून येत राहिल्या. त्याच सुमारास दुसरीकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे शाळांच्या एका गटात, प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे केले. तिथे फरशीवर तक्ते आखले होते, मण्यांच्या माळा, खडे, काड्यांचे गठ्ठे होते, आणि प्रत्येक मूल जमिनीवर बसून खडूने लिहीत होते. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले. खर्च नगण्य होता आणि वीज लागत नव्हती. या दोन लाटांतली कुठली मुलांच्या वाचन-लेखनापर्यंत खोल गेली असे मला विचाराल तर मी कुमठ्याचे नाव घेईन.

यावर तंत्रज्ञानाच्या बाजूने दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की दोष यंत्राचा नाही, व्यवस्थेचा आहे. वीज, दुरुस्ती आणि प्रशिक्षण दिले तर हीच साधने उत्तम चालतील. हे तर्काला धरून आहे, पण शाळेत साधन आणि त्याची देखभाल वेगळी काढता येत नाहीत. फळ्याचा रंग उडाला तर गुरुजी सुट्टीत स्वतः काळा रंग मारतात. टॅबची बॅटरी गेली तर तालुक्याला, मग जिल्ह्याला पत्र जाते, आणि उत्तर येईपर्यंत ती पिढी पुढच्या वर्गात गेलेली असते. ज्याची दुरुस्ती गावाबाहेर आहे ते साधन त्या गावापुरते अर्धेच आहे, आणि खरेदी करतानाच हे अर्धेपण हिशोबात धरायला हवे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घोडेगावच्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो, ज्वालामुखी कुणीच पाहिलेला नसतो. हृदयाची झडप उघडते-मिटते कशी हे फळ्यावरच्या चित्रातून कळत नाही. चलचित्र हे दाखवते, आणि ते पाहणे हेही शिकणेच आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यासाठी शाळेत एक चांगला पडदा पुरतो, आणि तोही आठवड्यातून दोन-तीनदा. पाढे, जोडाक्षरे, वजाबाकीतला हातचा, परिच्छेद वाचून स्वतःच्या शब्दांत लिहिणे, ही प्राथमिक शाळेची रोजची कामे पाहून येत नाहीत. मोबाईलचा वाद खरा या रोजच्या कामांबद्दल आहे.

करोनाच्या काळात या वादाची सर्वांत मोठी, आणि कुणालाच नको असलेली, परीक्षा झाली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असे म्हणत अभ्यासमाला मोबाईलवर जाऊ लागल्या. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२० मध्ये देशातल्या ग्रामीण भागातील ६१.८ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हातात असणे वेगळे. तो वडिलांबरोबर शेतात, बाजारात जातो. घरात तीन भावंडे असली तर मोठ्याची पाळी आधी. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरले आणि पहिली ते चौथीचे १ डिसेंबर २०२१ पासून. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल दुसरीचे निम्मे वर्ष उलटल्यावर प्रथम वर्गात बसले. ‘असर २०२२’ ने देशाचे चित्र दाखवले: तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ मधल्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरले. या घसरणीचा सगळा दोष मोबाईलला देणे चूक ठरेल. तो नसता तर कदाचित आणखी पडझड झाली असती. पण अक्षरओळखीच्या वयात मोबाईल शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही, हे आता अंदाजाचे विधान राहिलेले नाही. मुलाने ‘ळ’ कसा काढला हे पाहायला पलीकडे कुणी नव्हते.

मग मोबाईलचे काय करायचे? त्याची एक खुबी जुन्या कुठल्याच यंत्रात नव्हती. तो दाखवतो तसा टिपूनही घेतो. मूल स्वतःचे वाचन त्यात ध्वनिमुद्रित करून ऐकू शकते, आजीची ओवी टिपू शकते, ओढ्याकाठच्या पक्ष्याचा फोटो काढून खाली चार ओळी लिहू शकते; शिक्षक संध्याकाळी ते ऐकून, वाचून दुसऱ्या दिवशी बोलू शकतो. म्हणजे मोबाईल लिहिण्याच्या साधनांच्या रांगेत बसू शकतो. पण त्याला तिथे बसवणारा शिक्षकच असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची खूप चर्चा झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट कमी बोलली गेली. आपल्या मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे ओळखून ते ती भाषा शिकले आणि मग मुलांसाठी मजकूर तयार केला. कोड हा त्या मजकुराकडे नेणारा रस्ता होता. पुढे हेच कोड राज्याच्या आणि देशाच्या पुस्तकांत छापले गेले, आणि मजकूर मध्यवर्ती ठिकाणी तयार होऊ लागला. छपाई पसरली, कुठल्या मुलाला काय लागते हे पाहून मजकूर घडवणारा शिक्षक तितका पसरला नाही.

आज शिक्षकाच्या हातातला मोबाईल प्रामुख्याने कार्यालयाच्या सेवेत आहे. ‘सरल’ आणि ‘यूडायस’ या सरकारी पोर्टलांवर नोंदी, पोषण आहार घेतलेल्या मुलांचा रोजचा आकडा, उपस्थिती, छायाचित्रे, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर ‘तातडीने’ मागवलेले अहवाल. या नोंदींतल्या काही आवश्यक आहेत. पण शाळेच्या वेळात जे यंत्र सतत वरच्या कार्यालयाकडे पाहत असते त्याला मुलांकडे वळायला वेळ कधी मिळणार? शिक्षक संघटना ऑनलाइन कामांविरुद्ध आंदोलने करत आल्या आहेत, आणि त्यांना कामचुकार म्हणणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे. दुसरीकडे मुलांच्या हातातल्या मोबाईलची गत ‘असर २०२४’ मध्ये दिसते: १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो; पाहणीच्या आधीच्या आठवड्यात ५७ टक्क्यांनी तो अभ्यासासाठी वापरला आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. मोबाईल वापरायला त्यांना शिकवण्याची गरज नाही. त्यावर काय करायचे हे शिकवण्याची आहे, आणि ते काम कुठल्याही अ‍ॅपवर सोपवता येणार नाही.

एका प्रकारच्या विद्यार्थ्यासाठी मात्र मोबाईलची निकड मला सर्वांत खरी वाटते, आणि तो विद्यार्थी नेवासा तालुक्यातच भेटतो. भेंड्याचा ज्ञानेश्वर आणि सोनईचा मुळा हे साखर कारखाने सुरू झाले की बीड जिल्ह्यातून, पाथर्डी तालुक्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. दिवाळीनंतर गाव सोडलेले मूल उन्हाळ्याच्या तोंडावर परत जाते. त्यांच्यासाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, मूळ गावी हंगामी वसतिगृहे निघाली, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक निघाले. प्रत्येक उपायाने थोडे साधले आणि बरेच सुटले. या मुलाचे शिक्षक एका तालुक्यात आणि फड दुसऱ्या तालुक्यात असतो. इथे मोबाईल ते करू शकतो जे पाटी करू शकत नाही: आठवड्यातून दोनदा मूळ शाळेच्या बाईंचा आवाज ऐकवणे, वहीच्या पानाचा फोटो त्यांच्यापर्यंत नेणे, त्यांनी दुरुस्त केलेली ओळ मुलापर्यंत परत आणणे. यासाठी महाग यंत्र नको. मुकादमाच्या नाहीतर जवळच्या शाळेतल्या शिक्षकाच्या फोनवरही हे होईल, मात्र बाईंचे हे काम त्यांच्या वेळापत्रकात धरले गेले पाहिजे आणि मुलाजवळ वही-पेन्सिल असली पाहिजे. घोडेगाव, सोनई, भेंडे इथल्या ग्रामपंचायतींनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी पुढचा पडदा किंवा पुढचे टॅब मंजूर करण्याआधी गळीत हंगामात आपल्या हद्दीतल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जाऊन शाळेच्या वयाची मुले मोजावीत, त्यांच्या मूळ शाळांचे फोन नंबर घ्यावेत आणि पहिला खर्च तिथे करावा.